हॅरल्डच्या हातचा खंजीर

किस्से काही कुणी मुद्दाम गोळा करत नाही. पण नवऱ्याला चाळिशीत खंजीर हिसकावून घेण्याचा छंद लागला, की घरात भांड्यांच्या बरोबरीने किस्सेही साठत जातात.

नव्वदच्या दशकात आम्ही बहारीनला होतो. हे तुबलीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. तिथले इंग्रज इंजिनिअर हॅरल्ड शुक्रवारच्या सुट्टीत सलमाबादच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये क्लास घ्यायचे. युरोपातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या पोथ्यांच्या झेरॉक्स समोर ठेवून कुस्ती आणि खंजिरापासून बचाव शिकवायचे. खंजीर लाकडाचा. वरून वार आला की मनगट पकडायचं, आपला हात त्याच्या हाताभोवती गुंडाळायचा आणि खंजीर काढून घ्यायचा. इतरांच्या हातून यांनी अधूनमधून काढलाही. हॅरल्डच्या हातून कधीच नाही. आणि हॅरल्ड तर त्या उन्हाळ्यात कायमचे इंग्लंडला निघाले होते.

"एकदा तरी गं," हे जेवताना म्हणायचे. "एकदाच."

*

घरी सराव माझ्याबरोबर. खंजीर म्हणून लाटणं.

"वरून मार. जोरात."

मी "सॉरी हं" म्हणून मारलं.

"वार करण्याआधी कुणी सॉरी म्हणतं का?"

"नवऱ्यावर हात उचलायचा म्हणजे काहीतरी म्हणायला हवंच ना."

या बोलण्यात मनगट पकडायचं राहिलं आणि लाटणं यांच्या खांद्यावर बसलं. सोफ्यावर होमवर्क करणारी आमची मुक्ता मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू आर ऑलरेडी डेड."

*

क्लासमध्ये बुसैतीनचा युसुफ होता. अंगाने दांडगा, स्वभावाने लोणी. एकदा त्याने यांना आडवं पाडलं आणि छातीवर बसला. पण भेटल्यावर आधी घरची चौकशी करायची, ही त्याच्याकडची रीत. ती त्या दिवशी राहून गेली होती.

"वहिनी कशा आहेत?" त्याने बसल्या बसल्या विचारलं. "मुलगी? इंडियात आई?"

"सगळे बरे आहेत. तू ऊठ."

"अल्हम्दुलिल्ला," युसुफ म्हणाला. "आणि वडील?"

*

शेवटी मीच संकल्प केला. हॅरल्डच्या हातून खंजीर सुटेपर्यंत संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही. तेही बहारीनच्या उन्हाळ्यात.

शेजारच्या सुषमाताईंनी कपाळाला हात लावला. "अगं, लोक प्रमोशन मागतात, पुण्यात फ्लॅट मागतात. तू खंजीर मागतेस?"

"गणपतीलाही रोज प्रमोशनच ऐकून कंटाळा येत असेल हो."

*

हॅरल्डच्या शेवटच्या क्लासला मी शिऱ्याचा डबा घेऊन गेले. हे तासभर झटले. खंजीर काही सुटेना.

"खलास," हॅरल्ड घाम पुसत म्हणाले.

यांचा चेहरा बघवेना. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "असू दे. गुरू आहेत, नमस्कार तरी करा."

हे पुढे झाले आणि हॅरल्डच्या पायांकडे दोन्ही हात नेत वाकले. हॅरल्डना वाटलं, पाय धरून उलटवतोय. ते झटकन मागे सरले, मॅटच्या कडेला अडखळले आणि धपकन खाली बसले. खंजीर घसरत माझ्या चपलेपाशी आला.



"हे कुठल्या पोथीत आहे?" हॅरल्डनी खालूनच विचारलं.

यांनी माझ्याकडे बघितलं.

"आमच्याकडे लहानपणी घरीच शिकवतात," मी म्हटलं आणि खंजीर उचलून यांच्या हातात दिला.

हॅरल्ड उठले, पँट झटकली. "यल्ला, सगळे रांगेत. हा डाव मला इंग्लंडला न्यायचाय."

सगळ्यांत आधी ते स्वतः वाकले. मागून एकेक जण. आणि हे खंजीर डाव्या हातात धरून, उजवा हात प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवत पुटपुटत होते, "आयुष्मान भव."