ज्योतिबाच्या पायांवरचे पांढरे पट्टे

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. वरवंडचा ज्योतिबा लेकीच्या होणाऱ्या सासरचं घर बघायला तळेगाव ढमढेऱ्याला गेला. सोयरीक जमल्यात जमा होती. जयसिंग पोरगा कंपनीत कामाला, पूनमला तो पसंत. दारात तांब्याभर पाणी आलं. ज्योतिबानं चपला काढून पायांवर ओतलं. मळ्याची माती वाहून गेली आणि दोन्ही पायांवर दुधासारखे पांढरे पट्टे उघडे पडले.

जयसिंगची आई साखरबाई जागच्या जागी थिजली.

"पाव्हणं, हे कोड हाय का वो?"

ज्योतिबानं खाली पाहिलं. उन्हाळ्यात पायांना खाज सुटलेली, त्यावर खोबरेल चोपडलेलं, एवढंच त्याला ठाऊक. आपलेच पाय त्याला परक्याचे वाटले. चहा आला, पण "कळवतो आम्ही" असं ऐकवून झाल्यावर.

तो एस्टीतून उतरायच्या आत बातमी आमच्या आळीत हजर. कशी, ते विचारू नका. आळीला कान असतात. शेजारच्या रंगुबाईनं देवाचा कोप जाहीर करून टाकला. बायको अनसाबाई पूनमचे हातपाय निरखत राहिली.

दौंडच्या डॉक्टरनं अंगावर दुसरा डाग नाही हे तपासलं आणि म्हणाला, "चपला घाला."

घातल्या. पट्टे बरोबर चपलेच्या रबराखाली गायब.

"काढा."

पट्टे हजर.

"गरिबाची चेष्टा करताय व्हय, डॉक्टर?"

"कोड काय चपलेचं माप घेऊन येतं का, मामा? आधी खाज, मग लाल, मग पांढरं. रबरातलं रसायन कातडीचा रंग खातंय. ह्या चपला सोडा. रंग सावकाश भरेल, सगळा भरेलच असं नाही. पण हे लेकीला जात नाही."

ज्योतिबानं शेवटचं वाक्य त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याच चपला पिशवीत घालून गडी तळेगावात. साखरबाईच्या ओट्यावर घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. शेजारपाजार जमला. साखरबाईचं मात्र ज्योतिबाच्या पायांकडं लक्षच नव्हतं. तिनं लुगड्याचा काठ दोन बोटं उचलला. निळ्या रबरी पट्ट्याच्या कडेनं तिचा पाय खाजवून खाजवून लालभडक झालेला.

"माझं बी पांढरं व्हणार?"

"आत्ता काढल्या तर वाचाल, विहीणबाई."

'विहीणबाई' तोंडातून निसटलं आणि ज्योतिबानं जीभ चावली. साखरबाईनं पायातल्या दोन्ही चपला उकिरड्याकडं भिरकावल्या आणि अनवाणीच आत जाता जाता विचारलं, "सुपारी कवा फोडायची म्हणताय?"