डाव्या हातातली किटली

आमच्या महाडात सकाळी चवदार तळ्याभोवती फिरणाऱ्या निवृत्त मंडळींचा एक घोळका आहे. मीही त्यातलाच, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांना नावं ठेवली तर मी कुणी वेगळा आहे असं वाटायला नको. दोन फेऱ्या मारायच्या आणि मग बाकावर बसून देशाचे सगळे कायदे नव्याने करायचे, असा आमचा व्यायाम. मागच्या आठवड्यात विषय निघाला, की गाडीचा किरकोळ अपघात झाला तरी चालकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे, अशी सक्ती असावी का?

सक्ती नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एरवी चहात साखर किती यावरही आमचं एकमत होत नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "बंपरला ओरखडा गेला म्हणून ठाण्यात जायचं? पोलिसांना दुसरी कामं नाहीत का?" पोलिसांना काही कामं असतात हे या गृहस्थांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्याने कायदा काढला. माणूस जखमी झाला तर कळवायचं असा नियम आहेच, मग किरकोळ गोष्टींचं लफडं कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी विचारलं, "पण किरकोळ आहे हे ठरवायचं कुणी? ज्याला साखरपुड्याला पोचायची घाई आहे त्याने?"

सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मी केला नव्हता. दीड वर्षापूर्वी पोलादपूरहून कापड्याकडे जाताना मी एका बाईच्या हाताला गाडी लावली होती आणि हे किरकोळ आहे असा निकाल पाच मिनिटांत देऊन निघून गेलो होतो. तो हात तिचा म्हशींचं दूध काढायचा हात होता.

आता माझा धंदा ऐका, म्हणजे माझी लायकी कळेल. मी एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं सेफ्टी विभागात काढली. लोकांना सुरक्षितपणा शिकवायचा पगार मला मिळत होता. आमच्याकडे एक पिवळ्या पुठ्ठ्याची वही होती. कुणाचा पाय घसरला, कुणाला पाइप लागला, कुणी नुसता धडपडला तरी त्यात लिहायचं. कामगार कंटाळायचे. "काय नाय झालं हो साहेब," म्हणायचे. मग मी भाषण द्यायचो. काही झालं नाही हे तू ठरवायचं नाहीस, अंग गरम असताना दुखणं कळत नाही, हाताला लागलं असेल तर माणूस काय बोलतो ते ऐकू नका, तो वस्तू कुठल्या हाताने उचलतो ते बघा. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. वहीत 'कारण' असा एक रकाना असे. तिथे मी बहुतेक वेळा 'पाय घसरून पडला' असं लिहीत असे. अक्षर माझं वळणदार.

कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र ही वही कुठेच नाही. बाहेर आहे ते 'मिटवणं'. कशेडी घाटात ट्रकने ट्रकला घासलं, मिटवा. मुंबईकराच्या गाडीने कुणाची सायकल चेपली, मिटवा. आमच्या भागात प्रत्येक फाट्यावर एक मिटवणारा असतो. आमच्या गावच्या फाट्यावरचा एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेला होता, त्यानंतर पडला, पण पांढरा शर्ट उतरला नाही. धडक झाल्याचा आवाज आला की हा चहाचा ग्लास खाली ठेवून उठायचा. कुणाला लागलंय हे बघायच्या आधी गाडी कुणाची आहे ते बघायचा. मग दोघांच्या खांद्यावर हात टाकून अशा आवाजात बोलायचा, की मार खाल्लेल्यालाच आपण भांडखोर आहोत असं वाटावं. या माणसाचा मला मनापासून तिटकारा होता. बायकोला मी कितीदा म्हणालो असेन, की याच्यासारख्यांनीच या रस्त्यांची वाट लावली.

त्या दिवशी पुतण्याच्या साखरपुड्याला निघालो होतो. घरातला वडीलधारा म्हणून सुपारी फोडायचा मान माझा, त्यामुळे मी नसलो तर मुहूर्त अडणार, असा माझा समज. सकाळचे दहा वाजले असतील. रस्ता अरुंद, समोरून एक टेम्पो अंगावर आला, मी गाडी डावीकडे घेतली आणि खाट्‌कन आवाज झाला. डाव्या बाजूचा आरसा दुमडून काचेवर आपटला होता. मागे रस्त्याच्या कडेला एक बाई खाली बसली होती आणि तिच्या किटलीतलं दूध उतारावरून वाहत चाललं होतं.

वरच्या धनगरवाड्यावरची होती. साठीची असेल. रोज सकाळी दूध घेऊन डोंगर उतरायची आणि फाट्यावरच्या हॉटेलात घालायची. मी उतरेपर्यंत ती उठून उभी राहिली होती.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाय दादा, काय नाय," ती म्हणाली. "दूध तेवढं गेलं."

तेवढ्यात पांढरा शर्ट आलाच. फाटा हाकेच्या अंतरावर होता. त्याने गाडी बघितली, मला बघितलं, ओळख पटली आणि त्याचा चेहरा खुलला. मागोमाग पाचसहाजण जमले. पुढची पाच मिनिटं सगळ्यांनी दूध या विषयावर चर्चा केली. किती होतं, म्हशीचंच होतं ना, हॉटेलवाल्याला काय सांगायचं. मग आरसा या विषयावर झाली. नुसता दुमडलाय की फुटलाय, महाडला मिळेल का. हाताबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. मी दुधाचे पैसे दिले, थोडे जास्तच दिले आणि जास्त दिल्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

मिटवणारा तिला म्हणाला, "जा गो म्हातारे, काय नाय झालंय तुला. घरला जा." आणि मला म्हणाला, "साहेब, तुम्ही निघा. तुमचं शुभकार्य हाय. मी हाय ना हितं."

ज्या माणसाचं तोंड बघायची मला इच्छा नसे त्याचे मी त्या दिवशी दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. इतकं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

गाडी सुरू झाल्यावर बायको म्हणाली, "तिने किटली डाव्या हाताने उचलली."

मी गिअर बदलला.

"आधी उजव्या हातात होती," ती म्हणाली. "उजवा हात तिने पदरात धरला होता. परत फिरा. दवाखान्यात नेऊ आणि ठाण्यात सांगू."

मी तिच्यावर खेकसलो. ती स्वतः नाही म्हणाली ना, मग? तू काय डॉक्टर आहेस? किटली या हातातून त्या हातात गेली म्हणून काय पोलीस बोलवायचे? मंडळी खोळंबली असतील. माझी तीस वर्षांची सगळी भाषणं बायकोने जेवताना ऐकली होती, बिचारीने, आणि लक्षात ठेवली होती. मी सुपारी वेळेवर फोडली. पोचलो तेव्हा मुहूर्ताला अर्धा तास होता आणि मुलीकडचे अजून यायचे होते.

आरसा दुसऱ्या दिवशी महाडला बदलून घेतला.

पुढे शिमग्याला गावी गेलो, तेव्हा फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेतला. चहा पातळ होता. मी नाक मुरडल्यावर हॉटेलवाला म्हणाला, "पिशवीचं दूध हाय साहेब. म्हशीवाली येत नाय आता. हात मोडला तिचा. वाकडा बसला."

"कसा मोडला?" मी विचारलं. कसा ते मला ठाऊक होतं. तरी विचारलं, कारण कुणाला काय ठाऊक आहे ते मला बघायचं होतं. इतका मी हलकट.

"गोठ्यात पडली म्हनतात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बायको धनगरवाड्यावर चढून गेलो. मला वाटेत चारदा बसावं लागलं. ही बाई भरलेली किटली घेऊन हे रोज उतरत होती आणि रिकामी घेऊन चढत होती. वर पाच घरं. ती अंगणातच होती. तिने मला ओळखलं, पोतं अंथरलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं. उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसत होतं. बोटं अर्धीच मिटत होती.

मी काही विचारायच्या आत तीच बोलली. आठ दिवस हळद बांधली, मग झाडपाल्यावाल्याकडे गेली, मग सूज उतरेना म्हणून पोलादपूरला सरकारी दवाखान्यात. जाताना फाट्यावर मिटवणारा भेटला. त्याने समजावलं, की गाडी लागली म्हणून सांगशील तर पोलीस येतील, जबाब घेतील, महाडला खेपा घालाव्या लागतील, मग म्हशींकडं कोन बघनार? पडले म्हणून सांग. तिने सांगितलं. मग ती आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतून केसपेपर घेऊन आली, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि आपल्याला काय झालंय ते मी वाचून दाखवावं असं तिला वाटत होतं.

त्यावर लिहिलं होतं, पाय घसरून पडल्याने.

डॉक्टरने तिने सांगितलं तेच लिहिलं होतं, त्याचा काही दोष नाही. पण वाक्य माझं होतं. पिवळ्या वहीत तीस वर्षं मीच ते लिहीत आलो होतो. कारण पाइप गळतोय असं लिहिलं तर वरून विचारणा व्हायची, प्लँट बंद ठेवावा लागायचा आणि पाय घसरला लिहिलं की कुणालाच काही करावं लागायचं नाही. किती जणांचे पाय मी असे घसरवले, देव जाणे. तेही सगळे "काय नाय झालं साहेब" म्हणाले होते.

दुपारच्या दुधाची वेळ झाली. सून म्हशीखाली बसली. म्हैस लाथा झाडायला लागली, पान्हा चोरायला लागली. तिला त्या बाईच्याच हाताची सवय. मग ती बाईच उठली, म्हशीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि डाव्या हाताने तिचं कपाळ खाजवत काहीबाही बोलत राहिली. तेव्हा कुठे चार धारा पडल्या. दोन म्हशी विकून टाकल्या, असं सून म्हणाली. ही एक राहिली, तीही किती दिवस राहील कुणास ठाऊक.

मी म्हणालो, "मी उद्या ठाण्यात जाऊन सांगतो. गाडी माझीच होती."

"नको दादा," ती म्हणाली. "आता लिवून माझा हात सरळ व्हनार हाय का? तुमास्नीच तरास."

मला तिचा राग आला. खरंच आला. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. अंगावर पाणी फेकायला हवं होतं. तिने माझ्या बायकोला ताकाचा तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. हवालदार तरुण होता, सभ्य होता, त्याने खुर्ची दिली. "बोला काका, काय तक्रार?"

मी सांगितलं.

"बरं. तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, समोरच्यांनी काही म्हटलंय का?"

"नाही."

"मग मिटलंय ना ते. किरकोळच असेल."

"किरकोळ मी ठरवलं होतं," मी म्हणालो. माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा झाला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने वर बघितलं. "तुम्ही लिहा. हाताला लागलं होतं, मला दिसत होतं, मी निघून गेलो. सगळं लिहा. पाय घसरून पडली असं लिहू नका."

त्याने एक कागद ओढला. माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, गाडीचा नंबर लिहिला. मी छाती काढून बसलो होतो. तीस वर्षांत पहिल्यांदा आपण खरी नोंद करतोय, असं काहीतरी भव्य माझ्या मनात चाललं होतं. घोळक्यातल्या त्या बँकवाल्याला हे कसं सांगायचं, त्याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागलो होतो.

"जखमी बाईचं नाव?" हवालदाराने विचारलं.

मी तिच्या अंगणात तीन तास बसलो होतो. तिचा केसपेपर मी मोठ्याने वाचून दाखवला होता. नाव त्याच्यावर पहिल्याच ओळीत होतं. ती ओळ मी वाचलीच नव्हती.