तांबडा, पांढरा आणि खर्डा

दोन हजार सालाच्या आसपास आम्हा शिक्षकांना एक प्रशिक्षण मिळालं. मुलांना रोज सकाळी विचारायचं, ‘आज कसं वाटतंय?’ माझ्याकडे कोल्हापुरातला पाचवीचा वर्ग. छातीवर हात ठेवून, आवाज मधाळ करून मी विचारलं. वर्ग एका सुरात गरजला, "बरं हाय की!"

रोज तेच. घरून मार खाऊन आलेलाही "बरं हाय की!"

एकदा मागच्या बाकावरचा थोराड गडी नाक फुगवून बसला होता. मी त्याला गाठलं. "हे बरं आहे होय रे?"

"खरं सांगू बाई? आज आतनं तांबडा रस्सा हाय."

वा! मी टेबलावर थाप मारली. त्या दिवसापासून आमची हजेरीच बदलली. राग आला असेल तर तांबडा, शांत वाटत असेल तर पांढरा, काहीच कळत नसेल तर दोन्ही मिसळून. शेजारच्या वर्गाच्या बाई दारातून डोकावून म्हणाल्या, "शाळा हाय का खानावळ?"

एकच मुलगी गप्प. सीमेकडच्या गावातून नवीन आलेली, घरी कानडी बोलणारी. "पांढरा म्हण की गं, सोपं हाय!" पोरं ओरडायची, ती आणखी मिटायची. पुढे मधल्या सुट्टीत डबाही एकटीच खायला लागली. ही शाळाच सोडते की काय, अशी मला धास्ती बसली.

एका सकाळी मी तिच्या बाकाशी जाऊन बसले. "आज कुठला रस्सा, बाळा?"

ती ताडकन उठली. "मी खर्डा!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"आमच्या घरात मटण शिजत न्हाय. मग मी रोज रस्सा कशी हुणार? अव्वा, म्हंजे माझी आई, म्हणत्या, सगळ्यांसारखं बोल. कसं बोलू?"

थोराड गडी उठला. "बाई, हिरव्या मिरचीचा खर्डा म्हंजे तांबड्याचा बाप!"

"मी बी मटण खात न्हाय," खिडकीजवळून आवाज आला, "उगंच पांढरा म्हणत हुतो."

मग काय, झाकणच उडालं! कुणी शिळी भाकरी, कुणी सांडलेलं पिठलं, कुणी उतू गेलेलं दूध. ती हसून हसून बाकावर आडवी झाली.

मधल्या सुट्टीत थोराड गडी तिच्यासमोर मांडी घालून बसला होता. तिच्या डब्यातला खर्डा त्यानं भाकरीबरोबर भसकन तोंडात टाकला. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, कान लालबुंद.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"बरं हाय की!"