नवतप्यात ठेवलेल्या कुंड्या

धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या एका खेड्यात कोणाचे धानाचे परे पिवळे पडले की सेवकराम रहांगडालेला बोलावणे येते. बांधावरून रोपे पाहूनच तो दोष सांगतो आणि सहसा चुकत नाही. त्यामुळे सून रुची बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी निघाली, तेव्हा तिची सूचना त्याने फारशी मनावर घेतली नाही. खिडकीत तिची सक्युलंट होती, जाड पानांची, मुठीएवढी झाडे.

"बाबा, यांना सकाळचं कोवळं ऊन पुरे. जास्त द्यायचं तर हळूहळू वाढवा."

काही दिवसांत झाडे खिडकीकडे झुकून लांबट, फिकी झाली. सावलीतले परे असेच लेचेपेचे होतात. ऊन कमी पडते, हे त्याने बरोबर ओळखले; उपाय मात्र धानाचा केला. ऐन नवतप्यात, मेअखेरच्या ज्या नऊ दिवसांत जमीन जितकी तापेल तितकी चांगली म्हणतात तेव्हा, त्याने साऱ्या कुंड्या स्लॅबवर नेऊन ठेवल्या.

दुपारच्या उन्हाकडची पाने आधी पांढरी पडली, मग भाजल्यासारखी तपकिरी.

"परे समजले का जी तुमी त्याहिले?" बायको गिरजा म्हणाली. "साऱ्या गावाले अक्कल सांगून राहिले, अन् घरात हे!"

"हळू बोल. लोक ऐकतीन."

कुंड्या खिडकीत परतल्या. संध्याकाळी रुचीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा सेवकरामने एकेक कुंडी फिरवून करपलेली बाजू मागे केली होती. रुचीने फोन आईपुढे धरला. "बघ, माझ्या सासऱ्यांनी किती जपलीत!" विहीणबाईंनी तोंड भरून कौतुक केले. सेवकरामने नुसती मान हलवली. जेवताना त्याने गिरजाकडे पाहिले नाही.

पुढच्या कॉलआधी तो पुन्हा कुंड्या फिरवू लागला.

"लपवा," गिरजा म्हणाली. "पोरगी घरी येईन तवा कोठी लपवान?"

फोन वाजला. सेवकरामने सगळ्यात करपलेली कुंडी उचलून समोर धरली. "रुची, हे जळलं. मीच जाळलं. नवतप्यात बाहेर काढलं होतं."

रुचीने पडद्याजवळ येऊन कुंडी निरखली. मग म्हणाली, "जळलं ते जळलं, बाबा. पण मी आईला एवढं कौतुकानं दाखवत होते, तेव्हा तुम्ही चूप काऊन राहिले?"

सेवकरामने कुंडी खाली ठेवली.

"तुझ्या आईले दे फोन," तो म्हणाला.

विहीणबाई पडद्यावर आल्या. सेवकरामने खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. मग करपलेली कुंडी पुन्हा उचलून त्यांच्यासमोर धरली.