थोरलीचं खरं

राग आला की मनातल्या मनात मी शामलाताईंना 'ती' म्हणते. तोंडावर मात्र अजून 'तुम्ही'च येतं, आणि त्या दारात दिसल्या की चहाचं आधण ठेवायला माझे हात आपोआप उठतात. माणसानं इतकं मऊ असू नये, पण मी आहे, काय करता.

त्या माझ्या नवऱ्याच्या, नागसेनच्या, ऑफिसातल्या. राहायला नागपुरातल्या महाल भागात, भरल्या घरात, आणि त्या घरातल्या थोरल्या सूनबाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज असा की फोनची गरज पडू नये. त्यांची कंपनी इंटरनेटच्या लाईनी पुरवते. धंतोलीतले दवाखाने, कळमन्यातल्या अडत्यांची दुकानं, तालुक्यातली लहानमोठी इस्पितळं, अशी सगळी गिऱ्हाइकं. कोणाची लाईन कोणत्या केबलवरून जाते याची नोंद एका मशीनमध्ये असते आणि त्या नोंदीबरहुकूम तेच मशीन लाईनी चालवतं. ते बंद पडलं तर सगळंच बंद, म्हणून शेजारी तसंच दुसरं. पहिल्यात लिहाल ते दुसऱ्यात आपोआप उतरतं. पहिलं आडवं झालं की दुसरं कामाला लागतं.

या दोन मशीनना शामलाताईंनी नावं दिली होती, थोरली आणि धाकटी. "आमच्या घरी मी आजारी पडली का धाकटी चूल सांभाळते," त्या सांगायच्या, "पण घर चालते माह्या शब्दावर." हे सगळ्यांना इतकं पटलं की साहेबसुद्धा तीच नावं घ्यायला लागले. नवीन माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी शिकवायचे, दोघींच्या नोंदीत फरक दिसला तर थोरलीचं खरं. रोजच्या कामाला हा नियम ठीकच होता. थोरली चालू असताना धाकटी मागे पडू शकते, पुढे जाऊ शकत नाही.

नागसेनला हे सगळं काम त्यांनीच शिकवलं. तो नोकरीला लागला तेव्हा दुपारच्या सुट्टीत त्याच्या डब्यात पहिला हात त्यांनी घातला. "मेघानं भाजी मस्त केली गा," म्हणाल्या आणि अर्धी संपवली. त्याआधी कोणी का हात घातला नव्हता ते मला विचारू नका. त्या एका घासासाठी मी त्यांना आयुष्यभर मानलं असतं.

मग तो मे महिन्यातला दिवस आला. नागपूरचा मे काय असतो ते नागपूरकराला सांगायला नको. मशीनच्या खोलीतला एसी बिघडला, थोरली तापली आणि बंद पडली. धाकटीनं काम उचललं, लाईनी चालू राहिल्या, कोणाला कळलंही नाही. तेवढ्यात उमरेडच्या बाजूला रस्त्याच्या खोदकामात एक केबल तुटली आणि तिकडच्या एका लहान दवाखान्याची लाईन गेली. नागसेननं ती दुसऱ्या केबलवर घेतली. काम धाकटी करत होती, म्हणून नोंदही धाकटीत झाली. तो शामलाताईंना म्हणाला, "ताई, उमरेडच्या दवाखान्याची लाईन फिरवली." त्या एसीवाल्याशी फोनवर भांडत होत्या. त्यांनी हात वर करून 'बरं' अशी खूण केली.

त्यानंतर कोणीतरी शहाण्यानं बाहेरचा कूलर ओढत आणून मशीनच्या दारात लावला. खसची ओली हवा थेट मशीनवर! साहेबांनी आरडाओरडा करून तो काढायला लावला. या किश्शावर ऑफिस पुढे कितीतरी दिवस हसत होतं. त्या दिवसातलं सगळ्यांना तेवढंच आठवतं, कूलर.

एसी दुरुस्त झाला. थोरली थंड झाल्यावर शामलाताईंनी ती चालू केली. अशा वेळी पडद्यावर प्रश्न येतो, दोघींच्या नोंदी जुळत नाहीत, कोणाची ठेवायची? उत्तर सोपं होतं. थोरली झोपली होती, जागी होती ती धाकटी. त्या दुपारी धाकटीचं खरं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. हात थोरलीवर गेला.

झालं. थोरलीची जुनी नोंद धाकटीवर उतरली. दुपारी धाकटीत लिहिलेलं सगळं पुसलं गेलं, कोणी काय केलं ते टिपून ठेवलेलंसुद्धा. आणि थोरलीनं आपल्या नोंदीप्रमाणे उमरेडची लाईन इमानदारीनं परत त्या तुटलेल्या केबलवर नेऊन ठेवली. दोन्ही पडद्यांवर हिरवं दिसत होतं, दोघी एकमतानं चालल्या होत्या. सगळ्यांनी मठ्ठा मागवला. नागसेनची ड्यूटी संपली होती, तो घरी आला आणि पंख्याखाली झोपला.

त्याच दुपारी त्या दवाखान्यात रामाजी नावाच्या माणसाला आणलं होतं. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात पडलेला. मेंदूचा फोटो काढला. तो धंतोलीतल्या डॉक्टरांना दिसायला हवा होता, म्हणजे त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन तिथंच देता आलं असतं. फोटो गेलाच नाही. आता जाईल, मग जाईल म्हणून वाट पाहिली आणि शेवटी माणसाला गाडीत घालून नागपूरला आणलं. जीव वाचला. उजवं अंग आणि बोलणं गेलं.

संध्याकाळी दवाखान्याची तक्रार आली. शामलाताईंनी पाहिलं आणि काय झालं ते त्यांना तिथल्या तिथं कळलं. त्यांनी लाईन पुन्हा दुसऱ्या केबलवर घेतली. ही नोंद मात्र दोन्हीकडे झाली, शामलाताईंच्या नावानं.

रामाजीच्या घरच्यांनी दाद मागितली तेव्हा कंपनीत चौकशी बसली. केबल दुपारी तुटली आणि लाईन संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती, मग दुपारी ड्यूटीवर कोण होतं? नागसेन. "मी फिरवली होती सर," तो सांगत राहिला. साहेब म्हणाले, "थोरलीवर नाही, धाकटीवर नाही. मग कुठं फिरवली, स्वप्नात?" शामलाताई तिथंच बसल्या होत्या. तक्रार येताच त्यांनी लाईन सुरू केली म्हणून सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक झालं. त्या खाली बघत राहिल्या. लोकांना तो विनय वाटला.

मी शाळेत गणित शिकवते. दोन पोरांची उत्तरं शब्दाला शब्द जुळली तर ती बरोबर आहेत असं मी कधी समजत नाही. कोणी कोणाचं पाहून लिहिलं ते आधी बघते. इतकी साधी गोष्ट त्या खोलीत एकालाही सुचली नाही. केबलच्या खांबावर पेटी असते, तिच्यातही लाईन कधी फिरली याची काही दिवसांची नोंद राहते म्हणे, मग जुनीवर नवी चढते. दोन साक्षीदार एकच सांगत असताना तिसऱ्याला कोण विचारतो? पेटीचं शामलाताईंना माहीत होतं. हे मी विसरणार नाही.

नागसेनची नोकरी गेली. आता तो कळमन्यात दुकानांना कॅमेरे बसवून देतो. काम वाईट नाही, पण माणूस बदलला. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येऊन ओढून बघतो. गॅस बंद केला का ते मला विचारतो, मी हो म्हटलं तरी उठून बघतो. सुरुवातीला तावातावानं सांगायचा, मी लाईन फिरवली होती. मग 'फिरवली होती ना' म्हणायला लागला. एकदा जेवताना हातातला घास तसाच धरून म्हणाला, "फिरवलीच नसन का वं मी? त्या दिवशी मले लय ऊन लागलं होतं. मनातच फिरवली असन." मी म्हटलं, असं कसं होईल? तो म्हणाला, "दोन्ही मशीन कायले खोटं बोलन?"

पाऊस सरत आला तेव्हा साहेब फळं घेऊन रामाजीला भेटायला निघाले आणि शामलाताईंना सोबत घेऊन गेले. रामाजी व्यायामासाठी धंतोलीत यायचा. साहेबांनी ओळख करून दिली, याच ताईंनी लाईन सुरू केली. रामाजीची बायको सिंधूताई पटकन उठली. "तुमच्यामुळंच आमच्या ह्यायचा जीव राहिला बाई," म्हणाली. नवऱ्याचा पडलेला उजवा हात तिनं आपल्या हातानं उचलला, डाव्याला लावला आणि त्याच्याकडून शामलाताईंना नमस्कार करवला.

दुसऱ्या दिवशी शामलाताईंनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शामलाताई, तुमचं मन मोठं आहे. पण नागसेनसाठी तुम्ही स्वतःवर कायले घेऊन राहिल्या? दोन्हीवर साफ आहे." शामलाताईंनी लेखी दिलं, तेही फाईलला लागलं. पेटीतली नोंद केव्हाच गेली होती. नागसेन चुकला यावर विश्वास ठेवायला कोणाला वेळ लागला नाही. शामलाताई चुकल्या यावर कोणी शेवटपर्यंत ठेवला नाही. हे असं का, ते नागपुरात राहणाऱ्याला मी काय सांगावं.

मग त्या आमच्या घरी आल्या, जरीपटक्याच्या बाजारातून चालत, घामाघूम. खुर्चीवर न बसता उभ्यानंच त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. थोरली, धाकटी, हात कुठं गेला ते सगळं. "त्याच दिवशी सांगतलं असतं तर नुसती चूक होती," म्हणाल्या, "दुसऱ्या दिवसापासून ते पाप झालं. मंग रोज वाढतच गेलं." मी त्यांना बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रामाजीच्या हाताचं बोलले, आमच्या घराचं बोलले, डब्यातल्या त्या घासाचंही बोलले. त्यांनी एकही शब्द अडवला नाही.

माझं लक्ष नागसेनकडे होतं. मला वाटत होतं तो ओरडेल, रडेल, निदान म्हणेल, पाहा, मी सांगत नव्हतो? तो उठला, त्यांच्यासाठी पाण्याचा गिलास घेऊन आला आणि अगदी मायेनं म्हणाला, "ताई, काहून खोटं बोलून राहिल्या माह्यासाठी? जाऊ द्या ना आता. माह्याच हातून झालं ते."

"अरे, तू मले सांगतलं होतं गा! मी फोनवर होती!" शामलाताई ओरडल्याच.

"नसन सांगतलं," तो म्हणाला. "दोन्हीवर नाही आहे ना." आणि कॅमेऱ्याच्या वायरी घेऊन कामाला निघून गेला.

नवऱ्यासाठी मी जेवढी रडले नव्हते, तेवढी त्या बाईच्या समोर, तिच्याच पदरात रडले. ज्याच्याकडे खरं होतं त्याच्याकडूनही ते पुसलं गेलं होतं, आणि ते माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

तेव्हापासून नागसेन कामावर गेला की शामलाताई रविवारच्या रविवार येतात. मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांनी माफी मागितलीही नाही. चहा होतो आणि मग मी म्हणते, "सांगा." त्या तो दिवस पहिल्यापासून सांगतात. एसी कसा बंद पडला, थोरली कशी तापली, नागसेन दारात येऊन काय म्हणाला. मी ऐकते आणि मागच्या वेळेशी जुळवून बघते. एक ना एक दिवस नागसेन ऐकायला बसेल, तेव्हा हे कुठंतरी धड शिल्लक असायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

गेल्या रविवारी त्या मध्येच थांबल्या. "नागसेन आला तेव्हा कूलर लावला होता का नव्हता वं?" म्हणाल्या.

"नव्हता," मी म्हटलं. "कूलर नंतर आणला. तुम्हीच तर सांगितलं."

मशीनच्या त्या खोलीत मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही.

"हो," शामलाताई म्हणाल्या. "तू म्हणतं तर नंतरच आणला असन."