बंद पाटाचे पाणी

धुळ्याहून तार आली तेव्हा मी मागच्या खोलीतल्या पलंगाची नवार घट्ट करून घेत होते. ती खोली नानांसाठी होती. नाना माझे थोरले भाऊ. धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे. माझे यजमान गेल्यापासून जळगावात मीही एकटीच. दोन माणसांसाठी दोन गावांत दोन चुली कशाला, असे मी त्यांना कितीदा विचारले असेल... तारेत नाना गेल्याचे लिहिले होते.

नाना वर्षानुवर्षे पांझरा नदीवरून शेतांना जाणारा पाट रंगवत. तोही वाहता नव्हे. वरून पाणी बंद झाले की पाटात उरलेले पाणी संथ होते, त्यात काठावरची झाडे दिसू लागतात; तेव्हा नाना स्टूल उचलून निघत. शेतकरी चिडवत, "आमना ऊस वाळी ऱ्हायना, आनि मास्तर खूश!" नाना हसत आणि रंग कालवत.

शेवटच्या भेटीत त्यांनी नवे चित्र दाखवले. आभाळाची पट्टी अगदी वर, खाली सगळे करडे-हिरवे पाणी. एकच बाभूळ, तीही उजव्या कडेला सरकवलेली. अलीकडचा काठ मोकळा. एवढी जागा वाया गेलेली मला पाहवेना.

"नाना, काठावर एखादी धुणे धुणारी बाई तरी बसवा."

"बसवली की तू तिचे धुणे मोजत बसशील. पाणी कोण बघणार?"

हसून झाल्यावर मी पुन्हा जळगावचा विषय काढला. सामान बांधायला माणूससुद्धा बघून ठेवला होता. नानांनी ब्रश पुसून ठेवला. मग म्हणाले, "कमल, मी तिकडे आलो, तर आखाजीला तू जाशील कुठे?"

आईवडिलांमागे माझे माहेर म्हणजे नानांची ती एक खोली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, मी जाई, तेव्हा कॉटखाली माझ्यासाठी आंब्यांची आढी घातलेली असे.  तरी घरी परतताच मी त्यांच्यासाठी मागची खोली आवरायला घेतली.

तारेनंतर धुळ्याला जाऊन नानांची खोली रिकामी करून दिली. ते चित्र तेवढे घरी आणले.

परवा आखाजी झाली. माहेरी आलेल्या मुलींनी गल्लीतल्या निंबाला झोके बांधले होते, गाणी चालली होती. मी सकाळीच कामे उरकली आणि चित्रासमोर जाऊन बसले. पाणी हलत नव्हते... काठावर कोणीच नव्हते, म्हणून मला तिथे बसता आले.