आबांचे तीन कोंबडे

आबा कधी समोर बघून बोलत नसत. आपण बोलायला लागलो की मान कलती करून डावा कान पुढे करत आणि आपलं बोलणं संपलं तरी थोडा वेळ तसेच थांबत. मला वाटायचं, म्हातारा शिष्ट आहे. तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला दुसऱ्याचा शिष्टपणा लगेच दिसतो. घरचाच माल असतो तो.

छावणीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही नवराबायको खुलताबादच्या रस्त्यावर, अठरा घरांच्या नव्या वसाहतीत आलो ते शांततेसाठी. कुंपणापलीकडे आबांचं शेत. विहीर, रिकामा गोठा, दोन खोल्यांचं घर आणि तीन कोंबडे. एक विहिरीपाशी, एक फाटकाशी, एक गोठ्यामागे, प्रत्येकाचं खुराडं वेगळं. दिवसाही पायाला सुतळी बांधून जो तो आपल्या जागी. पहाटे चारला विहिरीवरचा आरवायचा, फाटकावरचा त्याला उत्तर द्यायचा आणि गोठ्यामागचा त्या दोघांचं काहीच पटत नसल्यासारखा मध्ये ओरडायचा. वसाहतीत त्यांचं नाव 'कोंबडेवाले आबा' पडलं.

आठवड्याभरात मी भांडायला गेले. "आबा, निदान पहाटे तरी त्यांना झाका."

"झाकतो की बाई. कामून राग धरता? पर कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय?"

ही म्हण मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलेली. मलाच ती शिकवतात म्हणून आणखी चिडले. पण त्यांनी शब्द पाळला. तिन्ही खुराड्यांवर जाड पोती आली, कोंबडे खरंच गप्प झाले. तिसऱ्या दिवशी आबांच्या कपाळाला फडकं बांधलेलं दिसलं. "लिंब आडवा आला," म्हणाले. अंगणातला तो कडुलिंब तिथं मी जन्मायच्या आधीपासून उभा असेल. दुसऱ्या दिवशी पोती निघाली आणि गोंधळ पुन्हा सुरू झाला.

मग वसाहतीने अर्ज लिहिला. मजकूर अर्थातच माझा. तो आबांना दाखवायचं कामही माझ्याकडे आलं. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांपुढे धरला, सावकाश मान हलवली आणि म्हणाले, "बराबर हाय." कागद उलटा होता. आबा अडाणी नव्हते. त्यांच्या कोनाड्यात वाचून वाचून पानं मऊ झालेली पोथी मी पाहिली होती. वर्गात धडा वाचल्याचं सोंग करणारी मुलं मी आयुष्यभर ओळखली होती. मी काहीच बोलले नाही. ते त्यांना ऐकू आलं असावं.

"कळलं ना बाई?" ते हळू म्हणाले. "काचबिंदू हाय. डागदर म्हणला, गेल्याली नजर येत नाय. आता उजाडल्यालं अन् मावळल्यालं सारखंच. पहिलं कोंबडं वरडलं की मी उठतो. मंग विहिरीवरच्याकडं गेलं की पाणी, फाटकावरच्याकडं गेलं की रस्ता. एका जागी ठिवले तर मी कुठं जाऊ?" मग त्यांनी अंदाजाने माझ्या दिशेला हात जोडले. "पोराला सांगू नका. लई जीव हाय त्याचा माझ्यावर. कळलं तर त्याच्या चौथ्या मजल्यावर न्हेऊन ठिवल. हितं मी मानूस हाय बाई, तिथं गाठुडं व्हईन."

मी तो अर्ज तिथंच फाडला. घरी येऊन रडले. कपाळावरचं ते फडकं माझ्यामुळे होतं.

त्यानंतर मी त्यांना पाहायला शिकले. हातात काठी नाही, काही नाही. कोंबडा आरवला की क्षणभर थांबायचे, तोंड तिकडे वळवायचे आणि सरळ चालू लागायचे. "डोळ्यानं फुडचं दिसतं बाई, कानानं चहूकडचं," म्हणायचे. त्यांचा मुलगा वाळूजला कारखान्यात होता, दर रविवारी बायकोला घेऊन यायचा. त्या दिवशी आबा ओट्यावरून उठायचेच नाहीत. "म्हातारा झालो, आता तुम्ही वाढा, मी खातो," म्हणून बसल्या जागी जेवायचे आणि नातवाच्या मार्कांपासून पावसापर्यंत इतकं बोलायचे की मुलाला त्यांच्या डोळ्यांकडे बघायला सवडच मिळू नये. शनिवारी संध्याकाळी मी त्यांचा सदरा उलटा नाही ना, पाहून यायची. आयुष्यभर कॉपी पकडणारी मी, शेवटी कॉपी पुरवायला लागले होते.

पण वसाहतीला मी काय सांगणार? शेजारच्या घरात तान्हं बाळ होतं, त्याची आई रात्रभर जागी. तिचंही खोटं नव्हतं. एका रविवारी सात-आठजण थेट आबांच्या मुलाकडेच गेले. तो बिचारा शरमून गेला. "चुकलं आमचं. येत्या बाजाराला तिन्ही कोंबडे विकून टाकतो," म्हणाला आणि विहिरीकडे जाऊन सुतळी सोडू लागला. कोंबडा फडफडला. आबा ओट्यावर बसून होते, कान पुढे करून. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

मला ते बघवलं नाही. मी ओरडले, "अहो, हात लावू नका त्यांना! आबांना दिसत नाही. त्या कोंबड्यांच्या आवाजावरच चालतात ते!"

मुलाने हातातली सुतळी तशीच खाली ठेवली. ओट्यापाशी जाऊन उकिडवा बसला आणि बापाच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. "आबा, कधीपासून?"

"झाले दोन वर्सं."

तो माणूस लहान मुलासारखा रडला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, जे त्याने पुढच्या चार दिवसांत केलं.

मुलाच्या घरी राहायला निघताना आबा कुंपणापाशी आले. मी शब्द जुळवत होते. माफीचे शब्द मला कधीच चटकन सुचत नाहीत. ते थांबले नाहीत. "तिन्ही तुमच्याकडं ठिवा," एवढंच म्हणाले. "झाकू नका."

महिन्याभराने मी भेटायला गेले. चौथा मजला. सून मायेची, घर स्वच्छ, पंखा, पलंग, कशाला नाव ठेवायला जागा नाही. मुलाने त्यांना बोलणारं घड्याळ आणलं होतं. कळ दाबली की एक बाई हिंदीतून वेळ सांगायची. सकाळचे अकरा वाजून गेले होते. आबा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते, तोंडही धुतलं नव्हतं. मी खोकले. मान कलती झाली.

"बाई व्हय? बसा." थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, "उजाडलं का वो?"

"घड्याळ आहे ना आबा," मी कसंबसं म्हणाले.

"हाय की. किती वाजले ते सांगतं." त्यांनी कळ दाबून दाखवली. "उजाडलं का ते कुठं सांगतंय."

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. तिन्ही कोंबडे माझ्या अंगणात आहेत, तीन कोपऱ्यांत. शेजारीण दोनदा येऊन बोलून गेली, मी ऐकून घेतलं. ती म्हण मी आता कुणाला शिकवत नाही. कोंबडं झाकल्यावर एका माणसाचं तांबडं फुटायचं राहिलं होतं, आणि झाकणारा हात माझा होता. पहाटे पहिला आरवला की मी उठते, दार उघडते आणि कुंपणाकडे तोंड करून म्हणते, "उजाडलं, आबा."